चांगला स्लॅग पळवू नका, पडीक स्लॅगला हात घाला

३० सप्टेंबर २०२४ रोजी ब्रिटनमध्ये दोन भट्ट्या विझल्या. वेल्समधल्या पोर्ट टॅलबटच्या पोलाद कारखान्यातली उरलेली एकमेव झोतभट्टी त्या दिवशी बंद झाली. त्याच दिवशी रॅटक्लिफचं वीजकेंद्रही कायमचं थांबलं, कोळशावर चालणारं त्या देशातलं अखेरचं. बातम्या आल्या त्या रोजगाराच्या आणि हवामानाच्या, आणि त्या महत्त्वाच्याच होत्या. बांधकाम साहित्याचा विचार करणाऱ्यांसाठी मात्र त्यात आणखी एक बातमी दडलेली होती. लोहखनिजातून लोखंड गाळणाऱ्या झोतभट्टीतून स्लॅग, म्हणजे धातुमळी, निघतो, कोळशाच्या केंद्रातून फ्लाय ॲश, म्हणजे कोळशाची बारीक राख, निघते, आणि सिमेंटला पर्याय म्हणून ज्या जिओपॉलिमरकडे आपण आशेने पाहतो त्याचे हेच दोन मुख्य कच्चे माल आहेत. ज्याला आपण न संपणारा कचरा समजत होतो, त्याचे दोन मोठे झरे एका देशात एकाच दिवशी आटले.

मी जिओपॉलिमरच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो. सिमेंटने हवेत सोडलेल्या कार्बनचा प्रश्न खरा आहे आणि त्यावरच्या मोजक्या खऱ्या उत्तरांपैकी हे एक आहे, असं मला वाटतं. म्हणूनच त्याची जी सरसकट जाहिरात चालते ती मला खटकते. 'कारखान्याचा कचरा घ्या, त्यात अल्कली घाला, सिमेंटविना काँक्रीट तयार' एवढंच सांगितलं जातं. कोणता कचरा, तो आज कुठे जातो आहे, आणि अल्कली, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखं तीव्र रसायन, कुठून आणायची, हे तीन प्रश्न बाजूला राहतात. माझं म्हणणं असं की, झोतभट्टीचा जो चांगला स्लॅग आधीच सिमेंटमध्ये वापरला जातो, तो उचलून त्याचं जिओपॉलिमर केल्याने जगाचा फायदा जवळपास शून्य आहे. ज्या स्लॅगला आज कुणी विचारत नाही, ज्याचे डोंगर कारखान्यांच्या मागे साचले आहेत, त्याच्यासाठी हे तंत्र वापरलं तरच कष्टाचं चीज होईल.

आधी सिमेंटची अडचण नीट पाहू. चुनखडी आणि माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की क्लिंकर बनतो, तोच दळून सिमेंट होतं. एक टन क्लिंकरमागे साधारण ८०० ते ९०० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लोकांना वाटतं की हा सगळा धूर इंधनाचा. तसं नाही. त्यातला अर्ध्याहून अधिक वाटा खुद्द चुनखडीतून सुटतो, कारण चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि तिचा चुना होताना कार्बन डायऑक्साइड सुटणारच. भट्टी उद्या पूर्णपणे सौरविजेवर तापवली तरी हा वाटा कमी होत नाही. जगात वर्षाला ४०० कोटी टनांच्या आसपास सिमेंट बनतं आणि माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के या एका उद्योगातून येतो. पाणी वगळता माणूस दुसरा कोणताही पदार्थ काँक्रीटएवढ्या प्रमाणात वापरत नाही. तेव्हा चुनखडी न भाजता दगडासारखं घट्ट होणारं काही मिळालं, तर त्याची किंमत किती मोठी हे वेगळं सांगायला नको.

स्लॅगमध्ये ती ताकद आहे. झोतभट्टीत लोहखनिजातलं लोखंड वितळून खाली बसतं आणि खनिजातली सिलिका, ॲल्युमिना चुनखडीशी मिळून वर तरंगते. ही वितळलेली धातुमळी म्हणजेच स्लॅग. ती उघड्यावर सावकाश थंड होऊ दिली तर तिचे स्फटिक बनतात आणि खडीपलीकडे तिचा फारसा उपयोग उरत नाही. तीच पाण्याच्या जोरदार झोताखाली क्षणात गारठवली, तर अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही आणि वाळूसारखी काचेरी दाणेदार मळी हाती येते. ही दळून बारीक केली की ती सिमेंटसारखी वागू शकते. हा गुण जर्मनीत एमिल लांगेन यांनी १८६२ साली ओळखला. पण तिला जागं करायला कुणीतरी लागतं. सिमेंटमध्ये मिसळली तर क्लिंकरमधून सुटणारा चुना ते काम करतो. जिओपॉलिमरच्या वाटेने गेलं तर ते काम कॉस्टिक सोडा किंवा सोडियम सिलिकेटसारखी तीव्र अल्कली करते. अल्कली काचेतले सिलिका-ॲल्युमिनाचे बंध तोडते, सुटे झालेले घटक पुन्हा एकमेकांत गुंफले जातात आणि घट्ट जाळं तयार होतं. नुसत्या फ्लाय ॲशला यासाठी बहुधा ६० ते ८० अंशांची ऊब द्यावी लागते. स्लॅगमध्ये कॅल्शियम भरपूर असल्यामुळे तो खोलीच्या तापमानालाही आवळून येतो, उलट कधी कधी नको इतक्या लवकर आवळतो.

हे तंत्र काल जन्मलेलं नाही. बेल्जियमच्या आर्थर पर्डन यांनी अल्कलीने स्लॅग घट्ट करण्याचा अभ्यास १९४० साली छापला आणि १९५०च्या दशकात ब्रसेल्समध्ये अशा काँक्रीटच्या इमारती उभ्या राहिल्या. कीव्हमध्ये व्हिक्टर ग्लुखोव्हस्की यांनी १९५०च्या दशकात सिमेंटविना बंधक, म्हणजे खडी-वाळू जोडून धरणारे पदार्थ, बनवले. त्यांच्या परंपरेतून तेव्हाच्या सोव्हिएत प्रदेशात रस्ते, नाले, रुळांखालचे स्लीपर आणि निवासी इमारती बांधल्या गेल्या. रशियातल्या लिपेत्स्क या पोलादनगरीत तर वीस मजल्यांहून उंच इमारती अशा काँक्रीटच्या आहेत. 'जिओपॉलिमर' हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जोसेफ डेव्हिडोविट्स यांनी १९७०च्या दशकात दिलं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या टूवुम्बाजवळचा ब्रिस्बेन वेस्ट वेलकॅम्प विमानतळ २०१४ मध्ये सुरू झाला. त्याच्या बांधकामात स्लॅग आणि फ्लाय ॲशपासून केलेलं सुमारे ४०,००० घनमीटर जिओपॉलिमर काँक्रीट वापरलं गेलं, आणि त्यावरून अवजड मालवाहू विमानंही फिरतात. त्यामुळे 'हे टिकेल का?' हा प्रश्न आज पूर्वीइतका अवघड राहिलेला नाही. चुकीचं मिश्रण बिघडेल, बरोबर मिश्रण टिकेल, सिमेंटचंही तसंच आहे.

खरा पेच पुरवठ्याच्या हिशेबात आहे. जगात वर्षाला झोतभट्ट्यांचा स्लॅग ३५ ते ४० कोटी टनांच्या घरात निघतो. सिमेंटच्या ४०० कोटी टनांसमोर हा दहावा हिस्सा झाला. त्यातला पाण्याने गारठवलेला, काचेरी, चांगला स्लॅग बहुतेक सगळा आधीच विकला जातो. तो स्लॅग सिमेंट बनवायला जातो, किंवा काँक्रीट प्लांटवर थेट सिमेंटच्या जागी घातला जातो. जपानसारखे देश तो जहाजं भरभरून निर्यात करतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमासाठी कॅरेन स्क्रिव्हनर, व्हँडरली जॉन आणि एलिस गार्टनर यांनी केलेल्या पर्यावरणस्नेही सिमेंटवरच्या अहवालातही हेच बजावलं आहे. स्लॅग मर्यादित आहे, तो जवळपास पूर्ण वापरात आहे, आणि सिमेंटच्या तुलनेत त्याचा वाटा पुढे घटतच जाणार आहे.

आता साधा हिशेब करू. समजा १०० टन दळलेला चांगला स्लॅग आहे. निम्मं सिमेंट, निम्मा स्लॅग अशा नेहमीच्या काँक्रीटमध्ये तो घातला, तर ढोबळमानाने १०० टन सिमेंट वाचतं. तोच १०० टन स्लॅग जिओपॉलिमरमध्ये एकमेव बंधक म्हणून घातला, तरी ढोबळमानाने १०० टनच सिमेंट वाचतं. फरक एवढाच की, पहिल्या वाटेत वाचलेलं सिमेंट दोन इमारतींत विभागलं जातं, दुसऱ्या वाटेत एकाच इमारतीत सगळं दिसतं. आणि दुसऱ्या वाटेत अल्कली बनवण्याचा कार्बन वर चढतो. एका इमारतीला 'सिमेंटमुक्त' अशी पाटी लागली खरी. पण जो स्लॅग तिने उचलला तो ज्या दुसऱ्या प्रकल्पाला मिळाला असता, तिथे त्याऐवजी पूर्ण क्लिंकरचं सिमेंट गेलं. वातावरणाला पाटी वाचता येत नाही, त्याला एकूण बेरीज कळते.

यावर एक रास्त आक्षेप असा की, जिओपॉलिमर सिमेंटपेक्षा काही कामांत सरस आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. सांडपाण्याच्या वाहिन्यांमध्ये जिवाणू गंधकाचं आम्ल तयार करतात आणि नेहमीचं काँक्रीट आतून खात जातात. अशा ठिकाणी योग्य जिओपॉलिमर अधिक काळ तग धरतो. आगीतही तो तुलनेने जास्त तापमान सोसतो, म्हणून बोगद्यांच्या किंवा भट्ट्यांच्या अस्तरासाठी तो उपयोगी आहे. जिथे दोन वाहिन्यांच्या जागी एक टिकणार असेल, तिथे चांगला स्लॅगही खुशाल वापरावा, तो सत्कारणी लागतो. दुसरा आक्षेप भूगोलाचा. सगळीकडे स्लॅग गारठवण्याची सोय नाही, काही कारखाने आजही तो खड्ड्यांत ओतून सावकाश थंड करतात. तिथे काचेरी स्लॅग करायची यंत्रणा बसवली तर ती खरीच भर आहे, मग तो सिमेंटमध्ये जावो की जिओपॉलिमरमध्ये. पण 'आमच्याकडे स्लॅग आहे, म्हणून जिओपॉलिमर करू' एवढ्यावर धोरण आखणं मला पटत नाही.

मग कोणता स्लॅग? इथे विषय खरा रंगतो, आणि इथेच संशोधनाचा आणि सरकारी पैशाचा ओघ वळायला हवा.

पोलाद बनवण्याच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे ऑक्सिजनच्या कन्व्हर्टरमध्ये आणि विजेच्या भट्टीत, आणखी एक स्लॅग निघतो. जगभरात तो वर्षाला सुमारे २० ते ३० कोटी टन असतो. रासायनिकदृष्ट्या तो क्लिंकरचा लांबचा नातेवाईकच, पण स्वभावाने अवघड. त्यात सुटा चुना आणि सुटा मॅग्नेशियम ऑक्साइड अडकलेला असतो. ओलावा लागला की हे दोघे हळूहळू फुगतात, कधी महिन्यांनी, कधी वर्षांनी. अशा स्लॅगवर घाईने टाकलेली फरशी नंतर वर उचलली जाते. म्हणून तो महिनोन् महिने उघड्यावर मुरवत ठेवतात आणि मग रस्त्याच्या थरांत वापरतात. स्टेनलेस स्टीलच्या स्लॅगची तऱ्हा आणखी वेगळी. थंड होताना त्यातल्या डायकॅल्शियम सिलिकेटची स्फटिकरचना बदलते, आकारमान सुमारे १२ टक्क्यांनी वाढतं आणि घट्ट दगड आपोआप भुकटी होऊन विखुरतो. बोरेट घालून हे थांबवता येतं, पण त्याचा खर्च आहे.

तांबं गाळताना एका टन तांब्यामागे दोन टनांहून अधिक स्लॅग पडतो. फेरोनिकेलच्या, म्हणजे लोखंड-निकेलच्या मिश्रधातूच्या, भट्टीत तर धातूच्या कित्येक पट स्लॅग निघतो. यांत कॅल्शियम थोडं आणि लोह भरपूर असतं, त्यामुळे सिमेंट कारखान्याला त्यांचा बंधक म्हणून फारसा उपयोग नाही. त्यांची जागा आजवर कचराडेपो, धातूचे पृष्ठभाग घासून साफ करणाऱ्या कणांचा बाजार किंवा चक्क समुद्र, अशी राहिली आहे. ग्रीसमध्ये लारिम्नाच्या फेरोनिकेल कारखान्याचा स्लॅग वर्षानुवर्षं समुद्रात टाकला गेला. त्याच ग्रीसमध्ये क्रीट आणि अथेन्सच्या विद्यापीठांनी हा स्लॅग अल्कलीने घट्ट करून चांगल्या ताकदीचे ठोकळे करून दाखवले. बेल्जियममधल्या लूवन विद्यापीठात लोहयुक्त स्लॅगपासून बंधक बनवण्यावर दीर्घकाळ काम चाललं आहे. जिओपॉलिमरचा खरा फायदा हाच आहे की, सिमेंट ज्याला हात लावत नाही त्यालाही तो कामाला लावू शकतो. इथे वाचवलेला प्रत्येक टन ही नवी बचत आहे, दुसऱ्याच्या ताटातून उचललेली नाही.

पण नको असलेल्या स्लॅगबरोबर नको असलेले धातूही येतात, आणि या बाबतीत जिओपॉलिमरच्या चाहत्यांनी अधिक प्रामाणिक असावं असं मला कळकळीने वाटतं. 'जड धातू घट्ट जाळ्यात कायमचे बंद होतात' हे वाक्य फार सहज लिहिलं जातं. शिशासारख्या धातूंच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण आर्सेनिक, व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम आणि सहा संयुजेचा क्रोमियम पाण्यात ऋणभारित आयन बनून फिरतात, आणि तीव्र अल्कली त्यांना अडवण्याऐवजी उलट मोकळं करू शकते. म्हणजे जे रसायन ठोकळा घट्ट करतं तेच विष सोडायला मदत करेल, ही शक्यता गृहीत धरून चाचणी व्हायला हवी. झोतभट्टीच्या स्लॅगमधलं सल्फाइड क्रोमियमला कमी घातक रूपात आणू शकतं, तेव्हा मिश्रण करून काही गोष्टी साधता येतात. पण ते दर ढिगागणिक तपासूनच. आणि चाचणी नव्या कोऱ्या ठोकळ्याची करून भागत नाही. पन्नास वर्षांनी ती भिंत पाडली जाईल, तिचा चुरा होईल, पावसात भिजेल, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तिची अल्कलीही उतरेल. तेव्हा त्यातून काय झिरपेल हे आज विचारायचं. माणसाच्या राहत्या घराच्या भिंतीत आपण काय घालतो आहोत याचं उत्तर देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे, विकत घेणाऱ्याची नाही.

आता अल्कलीकडे येऊ. जिओपॉलिमर सिमेंटच्या तुलनेत हवेत सुटणाऱ्या कार्बनमध्ये ८० टक्के घट करतो असे आकडे फिरतात. दुसरीकडे ऑस्ट्रेलियातल्या लुईस टर्नर आणि फ्रँक कॉलिन्स यांच्या २०१३च्या अभ्यासात फ्लाय ॲशच्या जिओपॉलिमर काँक्रीटची बचत नेहमीच्या काँक्रीटच्या तुलनेत फक्त ९ टक्क्यांच्या आसपास निघाली. कुणी खोटं बोलत होतं असं नाही. अल्कली किती घातली, ती कशी बनली, किती लांबून आली, ठोकळे वाफेत भाजले की नाही, यावर उत्तर एवढं हेलकावतं. सोडियम सिलिकेट बनवायला सोडा ॲश आणि वाळू हजार अंशांहून अधिक तापवून वितळवावी लागते. कॉस्टिक सोडा मिठाच्या पाण्यातून वीज सोडून बनतो. वीज कोळशाची असेल तर बचतीचा मोठा भाग तिथेच जळून जातो.

कॉस्टिक सोड्याचं आणखी एक दुखणं आहे, त्याची चर्चा फार कमी होते. मिठाचं विघटन केलं की सोडा आणि क्लोरीन जोडीने निघतात. एक टन सोड्यामागे सुमारे ०.९ टन क्लोरीन. जगात वर्षाला सुमारे ८ कोटी टन कॉस्टिक सोडा बनतो. उद्या जगातल्या सिमेंटपैकी १०० कोटी टनांची जागा जिओपॉलिमरने घेतली आणि त्यात ५ टक्के कॉस्टिक सोडा लागला, तर एकट्या या कामाला ५ कोटी टन हवा. त्याच्यासोबत साडेचार कोटी टन क्लोरीन तयार होईल. ते कुठे ठेवायचं? एवढ्या प्लॅस्टिकची आणि रसायनांची जगाला गरज नाही. म्हणून जिओपॉलिमर उद्या सिमेंटला पूर्ण हटवेल हे स्वप्न मी पाहत नाही, कुणी पाहू नये. सोडा ॲश, म्हणजे सोडियम कार्बोनेट, हा सौम्य आणि स्वस्त पर्याय आहे. तो काही ठिकाणी खनिज म्हणून जमिनीतूनच निघतो. त्याने स्लॅग हळू आवळतो, पण थोडा चुना किंवा मॅग्नेशियम ऑक्साइड घालून ते सुधारता येतं. संशोधनाला निधी देताना माझी पहिली पसंती अशा कामाला राहील. ताकदीचा उच्चांक गाठणाऱ्या आणखी एका तीव्र सोड्याच्या मिश्रणाची फार गरज उरलेली नाही.

तीव्र अल्कलीचा प्रश्न माणसांचाही आहे. सांद्र कॉस्टिक सोड्याचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, कातडीवर पडला तर ती आतपर्यंत भाजते. प्रयोगशाळेत हातमोजे, चष्मा, पाण्याचा फवारा असतो. उघड्या बांधकामावर, उन्हात, रोजंदारीवर काम करणाऱ्या माणसाच्या हातात हे द्रावण देणं मला अमान्य आहे. ते पर्यावरणाच्या नावाखाली केलं म्हणून माफ होत नाही. उत्तर अवघड नाही. अल्कली कोरड्या, सौम्य रूपात स्लॅगच्या भुकटीत आधीच मिसळून पोत्यात भरावी, म्हणजे कामावर फक्त पाणी घालायचं राहील. आणि सुरुवात कारखान्यात होणाऱ्या प्रीकास्ट वस्तूंपासून करावी. पेव्हर ब्लॉक, भिंतीचे ठोकळे, सांडपाण्याचे पाइप, रस्त्याकडेचे कर्ब, गटारांची झाकणं. तिथे मिश्रण मोजून होतं, ओलावा आणि तापमान हातात असतं, कामगाराला संरक्षण देता येतं, वाईट निघालेला ठोकळा बाजूला काढता येतो. स्लॅगचं जिओपॉलिमर जास्त आकसतं, त्यावर पांढरी क्षारफुटी येते, ते अचानक आवळतं. या खोड्या कारखान्यात आवरतात, साइटवर आवरत नाहीत. सळईच्या काँक्रीटबाबत तर मी आणखी सावध राहीन. या बंधकात सुट्या चुन्याचा साठा फारसा नसतो, त्यामुळे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरून सळईचं गंजापासूनचं संरक्षण कधी उतरवेल, हे मिश्रणागणिक बदलतं.

नियमांचंही थोडं बोलायला हवं, फार नाही. बऱ्याच मानकांमध्ये काँक्रीट कशाचं असावं हे लिहिलेलं असतं. इतके किलो सिमेंट किमान घालाच, असा आकडा असतो. ते कसं वागावं हे लिहिलेलं नसतं. सिमेंटच नसलेल्या काँक्रीटला या दारातून आत येताच येत नाही. अमेरिकेत कामगिरीवर आधारलेलं सिमेंटचं मानक फार पूर्वीपासून आहे, ब्रिटनने २०१६ मध्ये अल्कलीने सक्रिय केलेल्या बंधकांसाठी स्वतंत्र तपशील काढला, भारतीय मानक ब्युरोने २०२० मध्ये अशा काँक्रीटच्या प्रीकास्ट वस्तूंसाठी मार्गदर्शक मानक आणलं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या रस्ते विभागाने त्याआधीच जिओपॉलिमरला आपल्या तपशिलात जागा दिली होती. म्हणजे वाट आहे. पण निविदा लिहिणारा अभियंता जुन्याच आकड्यांची नक्कल करत राहिला, तर मानक कपाटातच राहतं. त्याला दोष देणंही सोपं नाही. काही बिघडलं तर सही त्याची असते, आणि नव्या वस्तूची जोखीम एकट्या त्याच्या माथी मारणारी व्यवस्था त्याला जुनंच घ्यायला शिकवते. सार्वजनिक कामांत सुरुवातीच्या वस्तूंची जोखीम सरकारने स्वतःकडे घ्यावी, त्यांचं दहा-वीस वर्षं निरीक्षण करून निष्कर्ष सर्वांसाठी खुले ठेवावेत.

मी सुरुवातीला ज्या आटणाऱ्या झऱ्यांबद्दल लिहिलं, त्याचा खरा निर्णय सिमेंटवाल्यांच्या हातात नाहीच. तो पोलादवाल्यांच्या हातात आहे. आज जगातलं सुमारे ७० टक्के पोलाद झोतभट्टीच्या मार्गाने बनतं. पुढच्या काही दशकांत त्यातला बराच भाग भंगार वितळवणाऱ्या विजेच्या भट्ट्यांकडे आणि हायड्रोजनने शुद्ध केलेल्या लोखंडाकडे सरकेल. स्वीडनमध्ये लुलेओ इथे कोळशाविना लोखंड २०२१ मध्ये निघालंही. पोलादासाठी हे चांगलंच आहे. पण त्यासोबत चांगला स्लॅग घटत जाईल आणि अवघड स्लॅग वाढत जाईल. म्हणून या स्लॅगची जात भट्टीच्या तोंडाशीच सुधारायला हवी. वितळलेल्या मळीत थोडी सिलिका किंवा ॲल्युमिना घालून तिची रचना बदलता येते. ती सावकाश थंड करायची की झटकन गारठवायची हे ठरवता येतं. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी तर पाडलेल्या इमारतींचं जुनं सिमेंट विजेच्या भट्टीत चुन्याच्या जागी टाकलं आणि निघालेला स्लॅग झटकन थंड करून त्यातून पुन्हा क्लिंकर मिळवला. २०२४ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केलं. ते जिओपॉलिमर नाही, पण त्यातली दृष्टी मला मोलाची वाटते. स्लॅग हा पोलादाचा उष्टा भाग नसून त्याच भट्टीचं दुसरं उत्पादन आहे, आणि त्याची कृती आधीच ठरवता येते.

आज बहुतेक ठिकाणी नेमकं उलट होतं. निरनिराळ्या भट्ट्यांचा, निरनिराळ्या दिवसांचा स्लॅग एकाच डोंगरावर ओतला जातो, त्यात विटांचा चुरा, धूळ, गाळ मिसळतो. एकदा असा काला झाला की कुठलाही रसायनतज्ज्ञ त्यातून भरवशाचं बांधकाम साहित्य काढू शकत नाही, कारण प्रत्येक टोपलीत वेगळं काहीतरी निघतं. कारखान्यांनी स्लॅग भट्टीनुसार वेगळा साठवावा, दर खेपेची रचना तपासून नोंद ठेवावी आणि ती नोंद घेणाऱ्याला द्यावी, ही सक्ती पर्यावरण परवान्यातच घालता येईल. त्याला नवं तंत्रज्ञान लागत नाही, जागा आणि शिस्त लागते. आणि ज्या नव्या विजेच्या भट्ट्यांचे आराखडे सध्या मंजुरीसाठी सादर होत आहेत, त्यांच्याकडे एक प्रश्न जाऊ दे: स्लॅग थंड करण्याची व्यवस्था आराखड्यात कुठे दाखवली आहे? भट्टी एकदा उभी राहिली की तीस-चाळीस वर्षं ती तशीच चालते, आणि तेवढी वर्षं तिच्यातून काय बाहेर पडणार हे त्या कागदावरच ठरतं.